छाया, रस्सा जमला वं!

छाया, जमला! अगदी तोच. तोच काळपट लाल रंग, वर तेलाचा तोच तवंग, पहिल्या घासाला कान तापवणारं तेच तिखट आणि मागून सावकाश येणारी ती खमंग चव, जिच्यासाठी आपण दोघींनी निम्मं पुणं पालथं घातलं. जमला वं, जमला!

‘वं’ म्हटलं बघ. पुण्यात एवढी वर्षं काढल्यावर माझ्या तोंडी सगळ्यांसाठी ‘अगं’ बसलंय, ‘वं’ फक्त तुझ्यापुरतं उरलं होतं. तू गेलीस त्याला अजून पंधरवडाही झालेला नाही. आज सकाळी पहिला घास खाल्ला, ताटावरून तशीच उठले, फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि मग आठवलं. पण एवढी मोठी बातमी दुसऱ्या कुणाला आधी सांगायची म्हणजे काय! म्हणून लिहायला बसले. तू मध्ये मध्ये बोलणार नाहीस, एवढं एक बरं आहे. एरवी तू मला कुठली गोष्ट पूर्ण सांगू दिली आहेस?

तर आता सुरुवातीपासून सांगते. ‘मुद्द्याचं बोल न’ म्हणून वैतागशील, तरी सांगते.

आपण सदाशिव पेठेत जोगळेकर काकूंच्या वरच्या खोलीत राहायला आलो तेव्हा आपली ओळखही नव्हती. मी वर्ध्याची, तू नागपूरची. त्या दिवसांत विदर्भातलं जे पोरगं बऱ्यापैकी मार्क मिळवायचं, ते कॉम्प्युटरचा कोर्स करायला पुण्याची गाडी पकडायचं. त्यात आपण दोघी. कोर्स कळत होता, माणसंही कळत होती, जेवण मात्र कळत नव्हतं. आमटीत गूळ, उसळीत गूळ. मेसच्या ताटाकडे बघून तू वाढणाऱ्या बाईंना विचारलं होतंस, “मावशी, हे सगळं गोड झालं की मग जेवण येते का?” त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “तिखट हवं असेल तर बाहेर पडायचा दरवाजा तिकडे आहे हो.” तू आठवडाभर हसत होतीस. मी मात्र रडत होते. मी परत जायचं ठरवलं होतं, छाया. बॅगही अर्धी भरली होती. हे मी तुला कधीच बोलले नाही.

आणि मग तो डबा आला.

तुझ्या दादाने नागपूरच्या एका सावजी खानावळीतून पाटोडीचा रस्सा घेतला, डब्यात भरला, झाकणाभोवती कणीक लावून डबा बंद केला, वर जुन्या टॉवेलची गाठ मारली आणि पुण्याला येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. थंडीचे दिवस होते. सकाळी तुझ्या सेकंडहँड लुनावर बसून आपण दोघी स्वारगेटला गेलो. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, काय आहे काय यात? अख्खी गाडी रातभर भूक भूक करून राहिली.” घरी येईपर्यंत तो डबा मी मांडीवर असा धरला होता, की रस्त्यावरच्या माणसांना वाटलं असेल यांच्या घरी बाळ झालं.

कणीक फोडली, झाकण निघालं आणि तो वास खोलीत सुटला. बेसन शिजवून थापलेल्या त्या साध्या वड्या रस्सा पिऊन टम्म फुगल्या होत्या. नुसतं बोट लावलं तरी तुटत होत्या. पहिल्या घासाला माझ्या नाकातून पाणी, दुसऱ्याला डोळ्यांतून. तू म्हणालीस, “रडून घे आता. या रडण्याला कोणी काही म्हणत नाही.” आणि मी खरंच रडले, खात खात. संध्याकाळी बॅग रिकामी करून कपडे परत कपाटात लावले. तुला वाटलं मी आवराआवर करतेय.

आठवतं ना, दोन-चार घास होतात न होतात तोच जिना वाजला होता. काकू दारात.

“मुलींनो, घर देताना मी काय सांगितलं होतं? इथे मटण चालणार नाही.”

“काकू, बेसन आहे हो,” मी म्हटलं.

“बेसन? बेसनात जन्म गेला माझा. बेसनाला असा वास येत नाही.”

मसाल्याचा दोष, काकूंचा नाही. त्या मसाल्याच्या वासावर भलेभले फसतात. मी समजावत बसले असते, तू सरळ वाटीत एक वडी घातलीस आणि काकूंच्या हातात दिलीस. “तुम्हीच पाहा न खाऊन.” काकूंनी कोपरा तोडला, रस्स्याला जरासा लावला, तोंडात घातला. चेहरा लाल, डोळे भरलेले, पण मान ताठ! पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, “बेसनच आहे. जरा गूळ घातला असतात, तर माणसांनासुद्धा खाता आलं असतं.” आणि वाटी घेऊन खाली गेल्या. वाटी धुऊन परत आली. पुढच्या महिन्यात डबा यायला उशीर झाला तेव्हा जिन्याखालून आवाज आला, “का हो, तुमच्या बेसनाचा वास नाही आला या खेपेला?”

तू नागपूरचं इतकं कौतुक सांगायचीस, की मला वाटायचं तू रोज उठून सावजीकडेच जेवत होतीस. नंतर कळलं, तिथे बायका-मुलींनी जाऊन बसायची पद्धतच नव्हती. सणासुदीला बाबा घरी आणायचे, एवढ्या मोठ्या कुटुंबात आधी पुरुषांची पंगत, मग मुलं, आणि तुझ्या ताटात दोन वड्या. पोटभर रस्सा तू खाल्लास तो पुण्यातच, माझ्याबरोबर, त्या लोखंडी कॉटवर बसून. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मग नोकऱ्या लागल्या. सन दोन हजार लागणार म्हणून साऱ्या जगाचे कॉम्प्युटर बंद पडतील अशी भीती पसरली होती, आणि त्या भीतीवर तुझी-माझी पहिली नोकरी उभी राहिली. मी प्रोग्रॅम दुरुस्त करायचे, तू टेस्टिंगमध्ये. जन्मजात टेस्टर तू! मी आनंदाने सांगायचे, “छाया, चाललं!” तू मान वर न करता म्हणायचीस, “परत करून दाखव.” एकदा चाललं ते तुझ्या लेखी चाललंच नाही. नेमकी त्याच सुमारास दादाची बदली गडचिरोलीला झाली आणि डबा बंद पडला.

तिथून सुरू झाला आपला शोध. काय दिवस होते ते! पुण्यात तोवर आपल्याकडच्या पोरांची जत्रा भरली होती, आणि पोरं आली म्हणून पाठोपाठ पाट्याही आल्या. ‘अस्सल नागपुरी’, ‘झणझणीत सावजी’, ‘पुण्यात प्रथमच’. प्रत्येक पाटीवर प्रथमच! रविवार उजाडला की तुझा फोन, “मीने, तयार आहे का? नवीन उघडलं.” लुना जाऊन स्कूटी आली, स्कूटी जाऊन तुझी ती लाल गाडी आली, पण रविवार तेच. बिबवेवाडीच्या त्या हॉटेलात तू एक चमचा चाखून वेटरला बोलावलंस. “दादा, यात गूळ आहे.” तो म्हणाला, “मॅडम, इकडचं पब्लिक सहन नाही करत.” तू म्हणालीस, “मग पाटी काऊन लावली? पब्लिकला आमटी द्या न!” मला लाज वाटून मी पाणी पीत बसले. आणि त्या दुसऱ्या हॉटेलात सगळं लाल, पण नुसतं लाल, चव कशालाच नाही. तू बाहेर येऊन निकाल दिलास, “रंगपंचमी आहे, जेवण नाही.”

शेवटी तुझ्या लग्नाच्या खरेदीसाठी आपण नागपूरला गेलो तेव्हा तू हट्टाने मला थेट त्या खानावळीत नेलंस. ज्या खानावळीचा डबा यायचा, तीच. पहिल्यांदा आत जाऊन बसलो. ‘फॅमिली रूम’ म्हणजे पडदा लावलेलं एक खोपटं. तुझा चेहरा असा उजळला होता, की नवरा बघायला आलेल्या दिवशीही तेवढा उजळला नसेल. ताट आलं. वड्या वेगळ्या, समोर गरम रस्सा त्यांच्यावर ओतला. तू घास घेतलास. थांबलीस. दुसरा घेतलास. “आचारी बदलला,” तू म्हणालीस. वड्या कडक, रस्सा नुसता भणभण तिखट. मलाही तसंच वाटलं. गल्ल्यावरच्या काकांना तू जाब विचारायला गेलीस, “काका, आचारी नवा ठेवला का?” त्यांनी वर बघितलं. “पोरी, बापानंतर मीच रांधतो. हात तोच, मसाला तोच, गिऱ्हाईक नवं दिसते.” बाहेर आल्यावर तू म्हणालीस, “खोटं बोलून राहिला बुढा.” आणि तुझे डोळे भरून आले. तिखटाने नाही.

मग आपण ठरवलं, घरीच करायचा. आणि तिथे आपलं भांडण लागलं, जे आजतागायत मिटलं नाही. मी म्हणायचे, सगळी जादू जवसाच्या तेलात आहे. तू म्हणायचीस, तेल काय तेल, मसाला पाट्यावर वाटल्याशिवाय ती चव येणारच नाही. मी वर्ध्याहून तेलाचा डबा आणला. तू धायरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाटा-वरवंटा चढवलास, खालचे लोक भूकंप झाला म्हणून बाहेर आले. दगडफूल कमी कर, खसखस वाढव, कांदा जाळ, कांदा जाळू नको. तुझे यजमान सुधीरभाऊ दर वेळी म्हणायचे, “अहो मीनाताई, उत्तम झालाय की!” आणि आपण दोघी एकदम त्यांच्यावर ओरडायचो, “तुम्हाला काय कळतं!” उत्तम व्हायचाच रस्सा. तो मात्र व्हायचा नाही.

तुझं आजारपण मी इथे लिहिणार नाही. तू स्वतः त्याच्याबद्दल बोलायची नाहीस, मी का बोलू? पण त्या बुधवारी तू मला जवळ बोलावलंस, आवाज अगदी बारीक झाला होता, डोळे मात्र लुनावर बसायच्या दिवसांसारखे चमकत होते. “मीने, डॉक्टर म्हणते काय पाहिजे ते खा. मले तो रस्सा पाहिजे. तोच. एकदा तोंडाला लागला पाहिजे.” मी म्हटलं, “तेल माझं.” तू म्हणालीस, “मसाला माझा.” भांडायला तेवढा जोर होता तुझ्यात. “उद्या दुपारी आणते,” मी म्हटलं. “गरम आण,” तू म्हणालीस.

मी त्या संध्याकाळी तुझ्या मसाल्यात आणि माझ्या तेलात रस्सा केला, आयुष्यात पहिल्यांदा दोघींचं ऐकून. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे निघताना घाई नको म्हणून वड्याही रात्रीच रस्स्यात सोडून ठेवल्या. थंडी होती, पातेलं ओट्यावरच राहिलं. चाखला तेव्हा मनात म्हटलं, छान आहे, पण छाया म्हणणार, नाही वं, थोडं कमी आहे.

सकाळी सुधीरभाऊंचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, “मीनाताई, या.” मी फोन ठेवला. आणि मला अजून कळत नाही मी असं का केलं, मी पातेल्यातला रस्सा डब्यात भरला, झाकण लावलं, टॉवेलची गाठ मारली, डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि बिबवेवाडीहून धायरीला निघाले. तुझ्याकडे डबा न्यायचा होता, म्हणून नेला. पोचल्यावर डिकी उघडायचं भान कुणाला?

दिवस कसा गेला सांगत नाही. संध्याकाळी सगळे परत आले, आंघोळी झाल्या. घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी भात नि भाकरी आणून दिल्या होत्या. तुझ्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “पिठलं नाई आलं का कोनाकडून? मयतीच्या दिवशी कडू घास बेसनाचा लागते न.” तेव्हा मला डबा आठवला. मी घाबरत घाबरत म्हटलं, “आई, माझ्याकडे पाटोडीचा रस्सा आहे. छायासाठी केला होता.” त्या म्हणाल्या, “बेसनच हाय न ते? मंग आन. तिच्यासाठी केला, तिच्या नावानं खाऊ.”

शेजारी जाऊन गरम केला आणि वाढला. तुझी लेक तन्वी बेंगळुरूहून दुपारीच पोचली होती, नागपूरहून दादा आले होते. सगळे खाली मान घालून बसलेले. मी घास तोंडात घातला.

छाया, मी सदाशिव पेठेत होते! लोखंडी कॉट, जिन्यातला काकूंचा पायरव, लुनाची किल्ली, तुझं ते ‘रडून घे आता’, सगळं एका घासात. वडी बोट लावताच तुटत होती. तोच होता, वं, तोच! मला वाटलं मला भ्रम झालाय. सगळ्यांच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कोण कशाने रडतंय कळायला मार्ग नव्हता.

आणि दादा हळूच म्हणाले, “मीना, हा कालचा आहे न?”

“हो दादा. काल केला. खराब लागतोय का?”

“खराब नाही. पण वड्या पार मुरून गेल्या. आमच्याकडे अशा वाढल्या तर लोक ताट सरकवतात. तिकडे वड्या ऐनवेळी रस्स्यात टाकतात.”

“मग तुम्ही डबा पाठवायचात तेव्हा?”

“ड्रायव्हर दोन डबे घेत नव्हता. म्हणून मी सगळं एकातच ओतून द्यायचो. रातभर हिंदकळत यायचं. मला तर वाटायचं, पोरी मला शिव्या देऊन खात असतील.”

मी हसले, छाया. त्या घरात, त्या संध्याकाळी, मोठ्याने हसले. घास अडकला, ठसका लागला, तरी हसत होते. शेजारच्या बाई डोळे वटारून बघायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, “हसू द्या तिले. छायाबी अशीच हासे.” मग मी दादांना सगळं सांगितलं. नागपूरची खानावळ, आचारी बदलला म्हणून तू घातलेलं भांडण, तेल, पाटा, सगळं. सांगता सांगता तेही हसायला लागले आणि मग तोंडावर पंचा धरून बसले.

तो बुढा खोटं बोलत नव्हता वं! आपण ज्या चवीला नागपूर म्हणत होतो, ती नागपुरात कधी नव्हतीच. ती रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये डुचमळत, मुरत मुरत स्वारगेटला पोचेपर्यंत तयार व्हायची. आपण गाव आठवून झुरत होतो, आणि आठवण मात्र पुण्यातल्या त्या खोलीची होती. तेलाचा वाद मी हरले, मसाल्याचा तू हरलीस.

पण मला तुझा आवाज ऐकू येत होता, ‘परत करून दाखव.’ म्हटलं, त्या दिवशीचं काही धरायला नको, त्या दिवशी मला गूळ घातलेला रस्साही तोच लागला असता. म्हणून काल पुन्हा केला. वड्या रस्स्यात सोडल्या, झाकणाला कणीक लावली, डबा डिकीत ठेवून भाजी आणायच्या निमित्ताने मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने मोठी चक्कर मारून आले. आमचे हे म्हणाले, “भाजी कुठे आहे?” आज सकाळी कणीक फोडली. तोच! दुसऱ्यांदा चालला, छाया. आता पास कर. तन्वीही आली होती. दोनदा वाढून घेतला आणि म्हणाली, “मावशी, मला बेंगळुरूला डबा पाठवशील? ट्रॅव्हल्सने?” मी म्हटलं, “ट्रॅव्हल्सनेच पाठवेन. विमानाने पाठवला तर बिघडेल.”

सकाळपासून मी इतकी खुशीत आहे, की घरात कुणाला काही कळेनासं झालंय. आणि तरी एक गोष्ट आहे, ती तुलाच सांगते. रस्सा दुसऱ्या दिवशी मुरतो, ही काही कुणाला न माहीत असलेली गोष्ट नाही. शेजारच्या कुणीही सांगितली असती. इतक्या वर्षांत आपण इतके रस्से केले, मग आपल्या दोघींना ती का कळली नाही? कारण आपल्याकडे दुसरा दिवस कधी आलाच नाही. तू उकळी येताच कढईशी जाऊन उभी राहायचीस, फुंकर न मारता चाखायचीस, ‘नाही वं, थोडं कमी आहे’ म्हणत म्हणत सगळा संपवायचीस आणि शेवटी भाकरीच्या तुकड्याने कढई पुसून घ्यायचीस.

त्या दिवशी पहिल्यांदा रस्सा उरला, छाया. तुझ्या वाटणीचा होता तो.